कृष्णगिरीच्या पोढ्या

राजांच्या वंशावळी, लढाया आणि तह यांचा इतिहास आपण पुष्कळ लिहिला. पाण्याचा इतिहास त्या मानाने थोडाच लिहिला गेला आहे, आणि विद्यालयांच्या पाण्याचा तर जवळजवळ नाहीच. वस्तुतः आपल्या मोसमी प्रदेशात शंभर-दोनशे माणसे अध्ययनासाठी एका जागी वर्षानुवर्षे राहावयाची असतील, तर ग्रंथ आणि गुरू यांच्याही आधी दोन प्रश्न सोडवावे लागतात. आषाढात डोंगरावरून कोसळणारे पाणी दारातून आत येऊ नये, यासाठी तजवीज काय? आणि वैशाखात प्यावयाचे पाणी कोठून आणावयाचे? हे दोन्ही प्रश्न एकाच उपायाने सोडविणारे एक विद्यापीठ साष्टी बेटावरच्या डोंगरात सुमारे हजार वर्षे नांदत होते. ते म्हणजे कान्हेरी. शिलालेखांत या डोंगराचे नाव कण्हगिरी, कण्हसेल किंवा कृष्णगिरी असे येते. आज तो मुंबईच्या बोरिवलीजवळील राष्ट्रीय उद्यानात आहे.

कान्हेरीला विद्यापीठ म्हणण्यास आधार काय, असे कोणी विचारील. लेणी म्हटली की आपल्यापुढे मूर्ती आणि स्तूप उभे राहतात. पण विहार या संस्थेचे मूळ वर्षावासात आहे. एरवी गावोगाव फिरणाऱ्या भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी थांबावे, असा संघाचा नियम होता. या मुक्कामात पाठांतर, चर्चा आणि नवागतांचे शिक्षण चाले. तात्पुरत्या निवाऱ्याचे पुढे कायमच्या वसतीत रूपांतर झाले, आणि वसतीबरोबर अध्ययनही कायमचे झाले. आपल्या शाळांचे वर्ष आजही जूनमध्ये पावसाबरोबर सुरू होते. त्याची कारणे निराळी आहेत. परंतु पावसाने विद्यार्थ्यांना एकत्र आणावे, हा योग जुना आहे एवढे खरे.

कान्हेरीत शंभरांहून अधिक लेणी आहेत. पश्चिम भारतातील एकाच डोंगरात एवढी मोठी भिक्षुवसती दुसरी क्वचितच आढळेल. सातवाहनकाळी तिची भरभराट झाली. त्रैकूटक संवत् २४५ (इ. स. ४९४-९५) च्या ताम्रपटात, सिंधु देशातून आलेल्या एका भक्ताने येथे चैत्य उभारल्याचा उल्लेख असून त्यात या स्थळास 'कृष्णगिरी महाविहार' म्हटले आहे. हा ताम्रपट १८३९ मध्ये जेम्स बर्ड यांना उत्खननात सापडला. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी कोकणात त्याचे मांडलिक शिलाहार राज्य करीत होते. त्या वेळच्या शके ७६५ (इ. स. ८४३) च्या शिलालेखात विहाराला दिलेल्या द्रम्मांची वाटणी आहे: पूजेसाठी काही, दुरुस्तीसाठी काही, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी काही आणि पुस्तकांसाठी काही. पुस्तकांच्या खरेदीची तरतूद ज्या संस्थेच्या खर्चात वेगळी दाखविलेली आहे, तिला विद्यापीठ म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. अकराव्या क्रमांकाच्या लेण्यात सभामंडपाच्या लांबीला समांतर असे दोन ठेंगणे दगडी बाक कोरलेले आहेत. ते पंक्तीसाठी असोत वा सामूहिक पठणासाठी, पुष्कळ माणसे नित्य एकत्र बसत होती याची ती खूण आहे.

आता पाण्याकडे वळू. या डोंगरावर वर्षाला दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्या कातळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर दोन हजार लिटरहून अधिक पाणी येते, आणि ते जवळजवळ सारे चार महिन्यांत येते. पुढच्या आठ महिन्यांत आकाशातून थेंब नाही. डोंगर ज्वालामुखीजन्य खडकाचा, वर मातीचा थर पातळ; त्यामुळे पडलेले पाणी मुरण्यापूर्वीच उताराने धावू लागते. अशा ठिकाणी कड्याच्या पोटात खोल्या खोदल्या, तर पावसाळ्यात वरच्या कातळाचे सारे पाणी त्या खोल्यांच्या दारावर पडणार. लेणे खोदणाऱ्या पाथरवटांना ही गोष्ट पहिल्याच पावसात कळली असणार.

त्यांनी केलेली योजना आजही डोळ्यांनी पाहता येते. लेण्याच्या दर्शनी भागावरच्या कातळात पन्हळी कोरलेल्या आहेत. उतारावरून येणारे पाणी या पन्हळी दाराच्या वरच अडवितात आणि बाजूला वळवितात. बाजूला, अंगणाच्या कडेशी, जमिनीत कोरलेले टाके असते. पन्हळीतून आलेले पाणी या टाक्यात उतरते. टाक्याचे तोंड लहान, चौकोनी. आत मात्र खडक दूरवर पोखरून मोठी पोकळी केलेली, कित्येकदा अंगणाच्याच पोटात शिरलेली. लहान तोंडामुळे ऊन आत पोहोचत नाही, पाणी फारसे उडून जात नाही, पालापाचोळा कमी पडतो. अनेक तोंडांभोवती झाकण बसविण्यासाठी खाच ठेवलेली आढळते. एका पातळीवरचे टाके भरले की जादा पाणी कातळातल्या चरांतून खालच्या पातळीकडे जाते. टेकड्यांच्या मधून वाहणाऱ्या ओढ्यावर बंधारा घालून पाणी अडविल्याचेही अवशेष आहेत. म्हणजे दारापाशी टाके, उतारावर चर आणि ओढ्यात बंधारा अशी तिहेरी व्यवस्था होती.

या रचनेतले मर्म असे की, पुराच्या पाण्याचा निचरा आणि पिण्याच्या पाण्याचा साठा ही येथे दोन वेगळी कामे नाहीत. जी पन्हळ दाराचे रक्षण करते, तीच टाके भरते. पन्हळ तुंबली तर एकाच वेळी लेणे भिजेल आणि टाके रिकामे राहील. आपण आजच्या शाळेत ही दोन कामे दोन खात्यांकडे सोपविली आहेत. छताचे पाणी गटाराकडे लोटावयाचे हे एक काम, आणि उन्हाळ्यात टँकर मागवावयाचा हे दुसरे. या दोहोंत काही नाते आहे, हेच आपण विसरलो आहोत.

टाक्यासाठी कान्हेरीच्या प्राकृत शिलालेखांत येणारा शब्द आहे 'पोढी', किंवा अधिक स्पष्टपणे 'पानियपोढी'. सह्याद्रीतील किल्ल्यांवर आपण ज्यास टाके म्हणतो, तीच ही वस्तू. 'लेण' आणि 'पोढी' हे दोन शब्द दानलेखांत इतक्या वेळा जोडीने येतात की, पाण्यावाचून खोली दान करणे हे अपुरे दान समजले जात असावे, असे वाटते. दाते कोण होते? कल्याणचा सोनार स्वामिदत्त याने पोढी दिल्याचा लेख आहे. चेमुल, म्हणजे आजचे चौल, येथील हेरणिकाच्या म्हणजे खजिनदाराच्या मुलाने पोढी दिली. इतर लेखांतून सोपारा, नाशिक, कल्याण येथील व्यापारी, कारागीर, गृहस्थ आणि भिक्षुणीही दाते म्हणून भेटतात. एका सोनाराला संपूर्ण चैत्यगृह कोरून घेणे झेपले नसते. एक पोढी झेपत होती. सामान्य मिळकतीच्या माणसाला विद्येच्या कार्यात आपला वाटा उचलता यावा, असे परिमाण या पाणीव्यवस्थेला होते. या लेखांच्या वाचनामागे मोठी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात वेस्ट, भाऊ दाजी, भगवानलाल इंद्रजी, बर्जेस यांनी ते उतरवून घेतले आणि अर्थ लावले. विसाव्या शतकात वा. वि. मिराशी यांनी सातवाहन, क्षत्रप आणि शिलाहार यांच्या लेखांचा सविस्तर परामर्श घेतला, आणि १९९१ मध्ये डॉ. शोभना गोखले यांचा कान्हेरीच्या लेखांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या पोढ्यांपैकी एकीवरचा लेख इतिहासाच्या अभ्यासकांना विशेष परिचित आहे. कान्हेरीचे बहुतेक जुने लेख प्राकृतात असताना हा संस्कृतात आहे. तो झिजलेला आहे. पण त्यातून एवढे निश्चित कळते की, वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाच्या राणीचा विश्वासू अमात्य शतेरक याने हे 'पानीयभाजन' दान केले. ही राणी कार्दमक राजवंशातील, एका महाक्षत्रपाची कन्या होती. महाक्षत्रपाच्या नावाचे 'रु' हे पहिले अक्षर तेवढे उरले आहे, आणि त्यावरून तो रुद्रदामा असावा असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सातवाहन आणि क्षत्रप यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यांच्यात सोयरीक झाली होती, याचा इतका ठळक पुरावा एखाद्या राजवाड्याच्या भिंतीवर नव्हे, तर विद्यार्थ्यांच्या पाण्याच्या टाक्यावर सापडावा, हे पाहण्यासारखे आहे.

आता याच महाक्षत्रप रुद्रदाम्याचा सर्वांत प्रसिद्ध लेख कोठे आहे? जुनागढला, गिरनारच्या पायथ्याशी. आणि त्याचाही विषय पाणीच. वर्ष ७२, म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास, मार्गशीर्ष महिन्यात तेथे प्रचंड वादळी वृष्टी झाली. सुवर्णसिकता, पलाशिनी आदी नद्यांना महापूर आला आणि सुदर्शन तलावाचा बांध फुटला. भगदाड ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल पडले, असे माप लेखात दिले आहे. हा तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या काळी पुष्यगुप्ताने बांधविला आणि अशोकाच्या काळी यवन तुषास्फाने त्याला कालवे काढले, हा पूर्वेतिहासही लेखात येतो. दुरुस्ती अशक्य म्हणून मंत्र्यांनी हात टेकले असता सुविशाख नावाच्या पह्लव अमात्याने ती पुरी केली. आणि त्यासाठी प्रजेवर जादा कर किंवा वेठबिगार लादली नाही, असे राजा अभिमानाने सांगतो. दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा हरवूनही नाते जवळचे म्हणून त्याचा नाश केला नाही, हे वाक्यही याच लेखातले. हा सातकर्णी आणि कान्हेरीच्या लेखातला सातकर्णी एकच की कसे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तरी पित्याच्या नावे महातलावाची दुरुस्ती आणि कन्येच्या अमात्याकडून विहाराला टाके, असे दोन जललेख एकाच घराण्याभोवती उभे आहेत, असे म्हणता येईल.

ही तुलना येथे मुद्दाम केली आहे. सुदर्शनसारखे काम राजसत्तेवाचून होत नाही, आणि फुटले तर एकदम फुटते. गुप्त संवत् १३६ (इ. स. ४५५-५६) मध्ये, स्कंदगुप्ताच्या काळी, भाद्रपदातल्या अतिवृष्टीने तो बांध पुन्हा फुटला, आणि पुन्हा राजाच्या अधिकाऱ्यालाच, चक्रपालिताला, तो बांधावा लागला. कान्हेरीची व्यवस्था याच्या उलट. तेथे पाणी शंभर ठिकाणी वाटून साठविलेले. एक पोढी गळली, तरी शेजारची आहे. तथापि लहान कामे आपोआप टिकतात, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. मोठा बांध फुटल्याचे साऱ्या जगाला कळते; लहान टाक्यात गाळ साचल्याचे कोणालाच कळत नाही. म्हणून लहान कामाला राखणदार अधिकच लागतो.

कान्हेरीच्या दात्यांना हे कळत होते. त्यांच्या लेखांत 'अक्षयनीवी' हा शब्द येतो. अक्षयनीवी म्हणजे मोडावयाची नाही अशी ठेव. मूळ रक्कम किंवा जमीन तशीच ठेवावयाची आणि तिच्या व्याजातून अगर उत्पन्नातून संस्थेचा ठरलेला खर्च भागवावयाचा. मंगलठाण, म्हणजे आजच्या बोरिवलीजवळील मागाठाणे, येथील शेत असे दिलेले आहे. त्याच्या उत्पन्नातून वर्षावासात राहणाऱ्या भिक्षूला चीवर आणि दरमहा ठराविक रक्कम मिळावयाची. वर उल्लेखिलेल्या शके ७६५ च्या लेखात दुरुस्तीची रक्कम वेगळी आहे, हेही लक्षात घ्यावे. म्हणजे खोदण्याचे दान आणि राखण्याचे दान, अशी दोन दाने हा समाज ओळखत होता. पहिल्या दानाने दात्याचे नाव खडकावर कोरले जाई. पण दुसऱ्याने विहार चालत असे.

भिक्षूंच्या दैनंदिन शिस्तीतही पाण्याची काळजी होती. भिक्षूने जवळ बाळगावयाच्या आठ वस्तूंत पाणी गाळण्याचे वस्त्र, परिस्रावण, ही एक होती. जीवहिंसा टळावी हा तिचा मूळ हेतू. पण साठवलेले पावसाचे पाणी रोज गाळून पिणाऱ्या वसतीला आरोग्याचाही लाभ झाला असणारच.

अकराव्या शतकानंतर हे विद्यापीठ ओस पडत गेले. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी मंडळींनी नव्वदाव्या लेण्यात आपली नावे पहलवी लिपीत कोरून ठेवली, तेव्हा येथे किती भिक्षू उरले असतील, कोण जाणे. राजाश्रय गेला, व्यापारी श्रेणींच्या ठेवी संपल्या, माणसे गेली. पोढ्या मात्र तशाच राहिल्या. पुष्कळ गाळाने भरल्या. काहींत आजही पाणी असते.

याच डोंगररांगेतल्या पाण्याचा पुढचा अध्याय एकोणिसाव्या शतकातला. मुंबई शहराची तहान भागेना, तेव्हा इंग्रज सरकारने याच रानात विहार तलाव बांधला आणि १८६० मध्ये नळाने पाणी शहरात नेले. १८७९ मध्ये तुळशी तलाव पुरा झाला. आपल्या बडोद्यातही त्या शतकाच्या अखेरीस सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधून शहराला नळाचे पाणी दिले. ज्या महाराजांनी १९०६ मध्ये साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यांनीच पाण्याचीही सोय केली, ही गोष्ट बडोदेकर कृतज्ञतेने सांगतात आणि ते योग्यच आहे. नळाने पटकीसारख्या रोगांपासून शहरांना संरक्षण दिले; त्याची निंदा करण्याचे कारण नाही. मात्र नळ आल्यावर घराच्या आणि शाळेच्या छतावरचे पाणी परके झाले. विहिरी बुजल्या, टाकी कचऱ्याने भरली, आणि पावसाचे पाणी ही लवकरात लवकर हद्दीबाहेर घालवावयाची ब्याद ठरली. साऱ्या शहराने आपापली ब्याद एकाच वेळी रस्त्यावर टाकली म्हणजे काय होते, हे २६ जुलै २००५ रोजी मुंबईने पाहिले. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. विश्वामित्रीच्या काठच्या लोकांनी २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये पुराचा अनुभव घेतला. एवढी वृष्टी छतावरच्या टाक्यांनी थोपविली असती, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल; पण प्रत्येक आवाराने आपले थोडे पाणी धरून ठेवले, तर नेहमीच्या पावसातले पाणी तुंबणे कमी होईल, यात शंका नाही.

हिशेब अवघड नाही. बडोद्याचा पाऊस साधारण ९०० मिलिमीटर धरू. पाचशे चौरस मीटर छत असलेल्या शाळेवर वर्षाला साडेचार लाख लिटर पाणी पडते. गळती, बाष्पीभवन आणि पहिल्या पावसाचे सोडून द्यावयाचे मळके पाणी यांसाठी पाचवा भाग वजा केला, तरी तीन लाख साठ हजार लिटर उरते. तीनशे विद्यार्थ्यांना पिण्यासाठी व हात धुण्यासाठी रोजी दोन-दोन लिटर दिले, तर दोनशे दिवसांना एक लाख वीस हजार लिटर लागतात. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि दोन मीटर खोल अशा टाक्यात ते मावतात. उरलेले दोन तृतीयांश पाणी वाळू-खडीतून गाळून शाळेच्या विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडता येते. उलट काहीच केले नाही, तर एका दिवसाच्या शंभर मिलिमीटर पावसात हेच छत पन्नास हजार लिटर पाणी शेजारच्या गल्लीत ओतते.

कायद्यांनीही याची दखल घेतली आहे. मुंबई महापालिकेने २००२ मध्ये मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पावसाचे पाणी साठविणे सक्तीचे केले. वडोदरा जिल्ह्यात २०२० च्या सुमारास सरकारी प्राथमिक शाळांच्या छतांचे पाणी साठविण्याचा 'वर्षा जल निधी' हा उपक्रम हाती घेण्यात आला. असे उपक्रम स्वागतार्ह आहेत. परंतु उद्घाटनानंतर चार-पाच वर्षांनी अनेक ठिकाणी काय दिसते, ते शाळांशी संबंध असलेल्या वाचकांना ठाऊक आहे. पन्हळीचा पत्रा सुटलेला, नळी तुटून भिंतीला टेकलेली, गाळणीतली खडी चिखलाने घट्ट झालेली. आणि भिंतीवर देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी मात्र स्वच्छ. खोदण्याचे दान आपण शिकलो, राखण्याचे दान विसरलो.

म्हणून कृष्णगिरीकडून काही घ्यावयाचे असेल, तर पोढीच्या आकाराबरोबर अक्षयनीवीची कल्पनाही घ्यावी. आपल्या मंडळांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून शाळांना दरवर्षी काही ना काही मिळते. त्यातली एखादी रक्कम मुदत ठेवीत ठेवून तिचे व्याज एकाच कामासाठी राखावे: दरवर्षी मृगापूर्वी छत झाडणे, पन्हळी मोकळ्या करणे, गाळणीची वाळू बदलणे आणि टाके उपसून धुणे. हे काम कोणाचे, हे शाळेच्या दप्तरात नावानिशी लिहिलेले असावे. मुलांनाही त्यात सामील करून घ्यावे. भूगोलातले पर्जन्यमान आणि गणितातले घनफळ त्यांना तेथे एकत्र भेटेल. कल्याणच्या सोनाराने आपल्या मिळकतीतून एक पोढी दिली आणि ती शेकडो वर्षे कामी आली असावी. कारण त्याच्यामागून येणाऱ्यांनी ती उपसण्याची व्यवस्था केली असावी. आपल्या शाळेच्या टाक्यासाठी ती व्यवस्था करावयाची, तर येता पावसाळा लागण्यापूर्वी करावी.